लॉस एंजेलिसच्या फेरीवाल्यांनी काय मागितलं तेही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या जूनपासून तुमच्या पेपरात लॉस एंजेलिस अधूनमधून येतं. नॅशनल गार्ड उतरले, डाउनटाउनमध्ये कर्फ्यू लागला, आइसचे, म्हणजे केंद्राच्या इमिग्रेशन खात्याचे, लोक तोंड झाकून माणसं उचलतायत, वगैरे. बातम्या खऱ्याच आहेत, माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण त्यावर जी वाचकांची पत्रं येतात त्यांत दोनच सूर असतात, एक म्हणजे बेकायदा आलेत तर हाकला ना, त्यात एवढं काय, आणि दुसरा म्हणजे अरेरे बिचारे, पोटासाठी आलेले गरीब लोक. मी या शहराच्या दक्षिणेला राहतो, छोट्या धंदेवाल्यांचे टॅक्स भरून देणं हे माझं काम, आणि गिऱ्हाइकांत निम्मे तरी स्पॅनिश बोलणारे आहेत, कुणाचं टायरचं दुकान, कुणाची बेकरी, कुणाची टमालेची गाडी. ही माणसं मला रोज दिसतात आणि 'बिचारे' हा शब्द काही त्यांना लागू होत नाही हो. या लोकांनी गेल्या सतरा-अठरा वर्षांत एकेक करून कायदे बदलून घेतलेत, शहराचे आणि राज्याचेही, ते कसे हे मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. कापायचं झालं तर हा पहिला पॅरा कापा, पुढचं ठेवा.

आधी थोडी पार्श्वभूमी. लॉस एंजेलिसमध्ये फुटपाथवर काहीही विकणं हा कित्येक दशकं गुन्हा होता. दंडाची पावती फाडून विषय संपला असा प्रकार नव्हता, फौजदारी गुन्हा, नाव रेकॉर्डवर. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत अशी सरसकट बंदी असलेलं हे एकच शहर उरलं होतं. आणि गंमत अशी की त्याच शहरात फुटपाथवर विकणाऱ्यांचा अंदाज ५०,००० च्या घरात, त्यातले साधारण १०,००० खाण्याचे पदार्थ विकणारे. बहुतेक मेक्सिको, ग्वातेमाला, एल साल्वादोरकडचे, बायका खूप. म्हणजे सगळं शहर गाडीवरचा टाको खातंय, टुरिस्ट त्याचे फोटो काढतायत, आणि विकणारी बाई कायद्याने गुन्हेगार. पोलीस आले की गाडी सोडून पळायचं, गाडी जप्त, माल कचऱ्यात. दादर स्टेशनबाहेर पालिकेची गाडी आल्यावर जी पळापळ होते ती ज्यांनी पाहिलीय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९९४ मध्ये शहराने एक तोडगा काढला होता. ठराविक 'वेंडिंग डिस्ट्रिक्ट' करायचे, तिथेच बसायचं, बाकी शहरात बंदी कायम. ऐकायला बरं वाटतं. पण असा एक डिस्ट्रिक्ट मंजूर करून घ्यायला आजूबाजूच्या दुकानदारांच्या आणि रहिवाशांच्या सह्या, अर्ज, सुनावण्या असं एवढं लचांड होतं की सगळ्या शहरात मिळून एकच उभा राहिला, मॅकआर्थर पार्कला, आणि तोही काही वर्षांत बंद पडला. शहराचे अधिकारी पुढे म्हणायला मोकळे की आम्ही दिलं होतं, त्यांनाच नको होतं. मला विचाराल तर फेरीवाल्यांनी धडा घेतला तो इथे. कायदा झाला एवढ्याने भागत नाही, अर्जात काय काय मागितलंय ते बघावं लागतं.

२००८ च्या आसपास बॉइल हाइट्स भागातल्या बायका पोलिसांच्या कारवायांना कंटाळून एकत्र यायला लागल्या. ईस्ट एलए कम्युनिटी कॉर्पोरेशन ही तिथली संस्था, पुढे इन्क्लुझिव्ह ॲक्शन नावाची दुसरी, आणि पब्लिक काउन्सेल ही वकिलांची संस्था, अशा तीन-चार जणांनी मिळून मोहीम चालवली. मला यातली आवडलेली गोष्ट ही की वकील पुढे आणि फेरीवाले मागे टाळ्या वाजवायला असं त्यांनी होऊ दिलं नाही. सिटी काउन्सिलच्या कमिटीपुढे बोलायला टमालेवाली बाई स्वतः उभी राहायची, इंग्रजी येत नसेल तर दुभाषी घेऊन, आणि वकील बाजूला बसून कलमं लिहायचे. कमिटीची मीटिंग दिवसा, म्हणजे धंद्याच्या वेळेला. त्या दिवसाचा गल्ला बुडवून यायचं, आणि पुष्कळदा विषय पुढे ढकललाय असं ऐकून परत जायचं. असं वर्षानुवर्षं. आपल्याकडे वॉर्ड ऑफिसात ज्यांनी खेटे घातलेत त्यांना कळेल.

घोडं हललं ते २०१६ च्या नोव्हेंबरात. ट्रम्प पहिल्यांदा निवडून आले आणि एकदम लोकांच्या लक्षात आलं की फुटपाथवर फळं विकली म्हणून लागलेला फौजदारी गुन्हा उद्या एखाद्याला देशाबाहेर काढायला कारण म्हणून वापरता येईल. कर्रन प्राइस आणि जो बुस्काइनो या दोन काउन्सिल सदस्यांनी तेव्हा पत्र लिहून तातडीने मागणी केली आणि २०१७ च्या सुरुवातीला शहराने तो गुन्ह्याचा भाग काढून टाकला. आठ-नऊ वर्षं चपला झिजवून जे झालं नाही ते दोन-तीन महिन्यांत झालं, पण ते होऊ शकलं कारण मसुदा तयार होता, माणसं तयार होती, कुणाकडे जायचं हे पाठ होतं. संधी आल्यावर मसुदा लिहायला घेतला असता तर ती केव्हाच निघून गेली असती.

मग आला राज्याचा कायदा, एसबी ९४६ (एसबी म्हणजे सिनेट बिल, राज्याच्या सिनेटमध्ये मांडलेलं विधेयक). सिनेटर रिकार्डो लारा यांनी मांडला, गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये सही केली, १ जानेवारी २०१९ पासून सगळ्या कॅलिफोर्नियाला लागू. याच्यात एक वाक्य आहे ते मी माझ्या दुकानदार मित्रांना नेहमी ऐकवतो. शहराला फेरीवाल्यांवर निर्बंध घालायचे असतील तर आरोग्य, सुरक्षितता किंवा लोकांचं हित यांच्याशी थेट संबंध असलेलं, वस्तुनिष्ठ कारण दाखवावं लागेल, आणि 'आजूबाजूच्यांना हे लोक आवडत नाहीत' किंवा 'दुकानांच्या धंद्यावर परिणाम होतो' ही कारणं त्यात धरली जाणार नाहीत. म्हणजे अपंगांच्या व्हीलचेअरला जागा राहत नाही म्हणून हटवा, चालेल. शाळेच्या गेटसमोर गर्दी होते, चालेल. पण मला बघवत नाही म्हणून हटवा, हे चालणार नाही. शिवाय तुरुंग बंद, फक्त दंड. नियम मोडला तर पहिल्यांदा १०० डॉलरपर्यंत, मग २००, मग ५००, परमिटच नसेल तर २५० पासून वर. आणि ज्याची ऐपत नाही त्याने दंडाच्या २० टक्के भरले तरी पूर्ण भरला असं धरायचं. जुन्या शिक्षा रेकॉर्डवरून काढून घेण्यासाठी अर्ज करायची सोयही दिली. हे २० टक्क्यांचं कलम हवेतून आलेलं नाही, दंड न भरल्याने माणूस कसा एकातून दुसऱ्यात अडकत जातो हे ज्याने पाहिलंय त्यालाच ते सुचतं.

इथे बातमी संपायला हवी होती. पेपरात संपलीच. पण खरी मारामारी इथून पुढे.

फुटपाथवर विकणं कायदेशीर झालं, पण खाण्याची वस्तू विकायची तर काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाच्या, आरोग्य खात्याचं परमिट पाहिजे. आणि आरोग्याचे नियम लिहिलेले होते मोठ्या ट्रकांसाठी. टमाले म्हणजे मक्याच्या पिठात मांस किंवा मिरची-चीज भरून, मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेला पदार्थ, घरी रात्री करायचा, पहाटे डब्यात घालून विकायचा. किंवा ते फळंवाले, आंबा, कलिंगड, काकडी कापून वर तिखट, मीठ आणि लिंबू, जे आपल्याला काय नवीन आहे. तर गाडीवर फळ कापायचं असेल तर भांडी धुवायला तीन कप्प्यांचं सिंक, हात धुवायला वेगळं, स्वच्छ पाण्याची टाकी, घाण पाण्याची टाकी, असं सगळं त्या गाडीवर बसवायचं. बसवलं की गाडी एवढी थोराड होते की ती फुटपाथच्या नियमात बसत नाही, आणि एका बाईला ढकलता तर येतच नाही. रात्री गाडी ठेवायला मान्यताप्राप्त जागा भाड्याने घ्यायची, त्या जागाच पुरेशा नाहीत. जेवायला बोलावलं आणि ताटच मांडलं नाही, तसं झालं. वर म्हणायचं, बघा, परमिट घ्यायला कुणी येतच नाही.

यावर लोकांनी मोर्चा काढला असता तर मलाही नवल वाटलं नसतं. पण त्यांनी काय केलं, तर फूड कोड, म्हणजे खाद्यपदार्थांच्या आरोग्याची नियमावली, वाचायला घेतला. कुठल्या कलमात कुठला शब्द बदलला की गाडी लहान होईल हे शोधलं, यूसीएलएच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना आणि पब्लिक काउन्सेलला घेऊन रिपोर्ट केला, आणि सिनेटर लीना गोन्झालेझ यांच्याकडून एसबी ९७२ मांडून घेतला. तो सप्टेंबर २०२२ मध्ये सही होऊन २०२३ पासून लागू झाला. छोट्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग, त्यांच्यासाठी कमी अटी, मर्यादित प्रमाणात गाडी घरी ठेवायची मुभा, आणि आरोग्याच्या नियमांखालची तुरुंगाची भीती गेली. सिंकचे कप्पे किती, यावर विधानसभेत भांडणारी चळवळ मी पहिल्यांदाच बघितली. आपल्याकडे आंदोलन म्हटलं की घोषणा, पुतळा, रास्ता रोको. कप्प्यांवर कोण भांडतं? पण धंदा चालतो की बसतो ते त्या कप्प्यांवरच ठरत होतं.

फीचंही तसंच. शहराने परमिटची वर्षाची फी ठेवली २९१ डॉलर आणि पुढे ती ५४१ करायचं ठरवलं होतं. त्याशिवाय शहराचं बिझनेस टॅक्स सर्टिफिकेट, राज्याचं सेलर्स परमिट, खाण्याची गाडी असेल तर काउंटीचं, प्रत्येकाची वेगळी खिडकी, वेगळी वेबसाइट. दिवसाला खर्च जाऊन शंभर-सव्वाशे डॉलर सुटणाऱ्या माणसाला हे सगळं परवडेल का असा प्रश्न फी ठरवणाऱ्याच्या डोक्यात आलाच नसावा, कारण फी ठरते ती ऑफिसचा खर्च भागवायला. २०२४ मध्ये ती फी उतरली, किती, तर २७ डॉलर ५१ सेंट. वाचून मला हसू आलं, तो ५१ सेंटचा शेपटा कुणाच्या हिशोबातून आला कुणास ठाऊक. पण २९१ वरून २७ म्हणजे दहावा हिस्सा, आणि हे कुणी उदार होऊन दिलेलं नाही, सारखं मागे लागून मिळवलेलं आहे.

आणि 'नो वेंडिंग झोन'. हॉलीवूडच्या वॉक ऑफ फेमसारख्या गर्दीच्या, म्हणजे जिथे खरोखर धंदा होतो अशा जागा शहराने यादी करून वगळल्या होत्या. २०२२ च्या डिसेंबरात फेरीवाल्यांनी आणि संस्थांनी कोर्टात केस टाकली की एसबी ९४६ मध्ये जे वस्तुनिष्ठ कारण मागितलंय ते शहराने कुठे दाखवलंय? २०२४ च्या फेब्रुवारीत काउन्सिलने ते झोन काढून टाकायचं ठरवलं. वर जे वाक्य सांगितलं ना, त्याचा उपयोग हा असा. वाक्य आधी कायद्यात घालून ठेवलेलं होतं म्हणून चार वर्षांनी कोर्टात उभं राहायला जमलं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. फेरीवाल्यांच्या विरोधात बोलणारे सगळे गोरे बंगलेवाले असतात असं नाही. माझ्याकडे येणारा बेकरीवाला मेक्सिकन आहे, भाडं भरतो, इन्शुरन्स भरतो, दोन कामगारांचा पेरोल भरतो, आणि त्याच्या दारात कुणीतरी पावाची गाडी लावतं, तर त्याने काय आनंदाने नाचायचं? लिंकन हाइट्सला ॲव्हेन्यू २६ वर २०२१ मध्ये रात्रीचा बाजार एवढा फुगला की कचरा, पार्किंग, गल्लीत राहणाऱ्यांना घरी जाता येईना, शेवटी शहराने कुंपण घालून बंद केला. फेरीवाल्यांच्या बाजूने बोलणारे हे विषय जरा झटकून टाकतात असं माझं स्पष्ट मत आहे. कचऱ्याचे डबे कोण उचलणार, दोन गाड्यांत अंतर किती, हे ठरवायला त्याच लोकांनी पुढाकार घेतला असता तर विरोधकांच्या हातात आयतं कोलीत गेलं नसतं.

पण बेकरीवाल्याचं खरं दुखणं गाडी नाहीये हो. त्याचं दुखणं भाडं आहे. बॉइल हाइट्सला २००९ मध्ये मेट्रो आली, मारियाची प्लाझाला स्टेशन झालं, आणि आसपासच्या जागांवर बिल्डरांची नजर गेली. इथे दुकानांचे भाडेकरार पुष्कळदा महिन्या-महिन्याचे असतात, कागद इंग्रजीत, मालकाने सांगितलं पुढच्या महिन्यापासून अमुक जास्त, की द्या नाहीतर निघा. आणि शहराला वाटलं तरी दुकानांच्या भाड्यावर मर्यादा घालता येत नाही, कारण १९८७ च्या राज्याच्या कायद्याने शहरांचे हात बांधलेले आहेत. आपल्या मुंबईतल्या पागडीच्या जमान्यातल्या माणसाला हे ऐकून चक्कर येईल. मग त्यातल्या त्यात जे शक्य होतं ते केलं, एसबी ११०३, २०२४ मध्ये पास, १ जानेवारी २०२५ पासून लागू. पाच किंवा कमी माणसांचा धंदा, दहापेक्षा कमी कामगारांचं हॉटेल, वीसपेक्षा कमी कामगारांची ना-नफा संस्था, अशा छोट्या भाडेकरूंना संरक्षण. महिन्याच्या करारात भाडं १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं तर ९० दिवसांची नोटीस, त्याहून कमी वाढीला ३० दिवसांची. वर्षाहून जास्त बसलेल्याला काढायचं तर ६० दिवसांची. बोलणी स्पॅनिशमध्ये केली असतील तर करारही स्पॅनिशमध्ये द्यायचा, तसंच चिनी, टागालोग, व्हिएतनामी आणि कोरियनसाठी.

पण मेख आहेच. हे संरक्षण आपोआप लागू होत नाही. मी अशा वर्गात बसतो असं भाडेकरूने मालकाला लेखी कळवावं लागतं, आणि ते दर वर्षी. ज्याला हे माहीत नाही त्याच्यासाठी कायदा नसल्यासारखाच. माझ्या ऑफिसात येणाऱ्या दुकानदारांना विचारलं तर बहुतेकांनी या कायद्याचं नाव ऐकलेलं नसतं. माझी धोरणाबद्दलची पहिली मागणी हीच की ही अट काढा, आणि काढता येत नसेल तर शहराने दर वर्षी बिझनेस टॅक्सचं सर्टिफिकेट पाठवताना त्याच पाकिटात ते पत्र छापील घालून पाठवावं, सही करा आणि मालकाला द्या. शहराकडे प्रत्येक दुकानाचा पत्ता आहेच की! नवीन खातं नको, नवीन बजेट नको, एक कागद जास्त. हिस्पॅनिक चेंबर ऑफ कॉमर्सची, म्हणजे लॅटिनो (लॅटिन अमेरिकन मुळाच्या) व्यापाऱ्यांची, राष्ट्रीय संघटना १९७९ पासून आहे, देशभर गावोगाव त्यांची स्थानिक चेंबरं आहेत, अमेरिकेत लॅटिनो मालकीचे धंदे ५० लाखांच्या आसपास आहेत असं तेच अभिमानाने सांगतात. मग बँकांनी स्पॉन्सर केलेली जेवणं आणि मोठ्या कंपन्यांची कंत्राटं यातून वेळ काढून स्थानिक चेंबरांनी हे पाकिटातलं पत्र अंगावर घ्यायला काय हरकत आहे.

आता जून २०२५. इथून पुढे लिहिताना हात जड होतो, पण थोडक्यात सांगतो. वर सांगितलेल्या सगळ्या धडपडीचा गाभा काय होता, तर लपून धंदा करू नका, पुढे या, नाव नोंदवा, परमिट घ्या, टॅक्स भरा. मी स्वतः कितीतरी जणांना हेच सांगत आलोय. ज्यांच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही त्यांना आयआरएसकडून, म्हणजे केंद्राच्या टॅक्स खात्याकडून, आयटीआयएन हा टॅक्स भरण्यापुरता नंबर मिळतो, १९९६ पासूनची पद्धत आहे, त्यावर लाखो लोक इमानेइतबारे टॅक्स भरतात, आणि आयआरएस ही माहिती दुसऱ्या खात्याला देत नाही या भरवशावर भरतात. २०२० च्या मार्चमध्ये कोविडची मदत वाटली तेव्हा या आयटीआयएनवाल्यांना वगळलं होतं, टॅक्स घेताना चालतात, देताना चालत नाहीत, तरी भरत राहिले. आणि एप्रिल २०२५ मध्ये आयआरएसने इमिग्रेशन खात्याशी करार केला, ते नावं देतील, आम्ही पत्ते देऊ. आयआरएसच्या हंगामी प्रमुख बाई त्यानंतर पद सोडून गेल्या. लोक मला विचारतात, या वर्षी भरू का नको? टॅक्सच्या माणसाने याचं उत्तर काय द्यायचं सांगा.

मग ६ जूनपासून धाडी. फॅशन डिस्ट्रिक्टचं कपड्यांचं गोदाम, होम डेपो या घरबांधणीच्या सामानाच्या दुकानांबाहेर कामासाठी उभे असलेले मजूर, कार वॉश. सँटी ॲली म्हणून कपड्यांची एक गल्ली आहे डाउनटाउनला, आपल्या मंगलदास मार्केटसारखी दाटी असते, ती ओस पडली. फेरीवाले तर दिसेनासेच झाले. जुलैत फेडरल कोर्टाने आदेश दिला होता की नुसता वर्ण, स्पॅनिश बोलणं, एखाद्या ठिकाणी असणं किंवा एखाद्या प्रकारचं काम करणं एवढ्यावरून माणसाला थांबवू नका, पण ८ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली. म्हणजे टाको विकणं कॅलिफोर्नियात कायदेशीर, पण टाको विकत उभं असणं हे संशयाचं एक कारण धरता येतं. यात ज्यांच्याकडे सगळे कागद आहेत, नागरिक आहेत, त्यांचाही धंदा बसला, कारण गिऱ्हाईकच घराबाहेर पडेना. ऑक्टोबरमध्ये काउंटीने स्थानिक आणीबाणी जाहीर केली, भाडं थकलेल्यांना मदत देता यावी म्हणून.

या गडबडीतही मोहिमेवाल्यांनी तेच केलं जे त्यांना येतं. परमिटच्या फॉर्ममध्ये काय विचारतात ते बघा, असं म्हणून सिनेटर मारिया एलेना दुराझो यांचा एसबी ६३५ त्याच वर्षी पास करून घेतला. फेरीवाल्याला परमिट देताना स्थानिक ऑफिसने इमिग्रेशनबद्दल विचारायचं नाही, बोटांचे ठसे घ्यायचे नाहीत, आणि असलेली माहिती इमिग्रेशनवाल्यांच्या हातात सहजी द्यायची नाही. याने रस्त्यावरची धाड थांबत नाही हे मान्य आहे. पण परमिटची यादी ही पकडायची यादी होऊ नये एवढं तरी राज्याच्या हातात होतं आणि ते करून घेतलं. उरलंय ते अंमलबजावणीचं, म्हणजे प्रत्येक शहराच्या खिडकीवर जुने फॉर्म अजून चालू आहेत का, हे कुणीतरी जाऊन बघायला हवं. कॅलिफोर्नियात शहरं पाचशेच्या जवळपास आहेत, सगळी काही लॉस एंजेलिससारखी नाहीत.

तुम्ही विचाराल की याचं आम्ही महाराष्ट्रात काय करायचं. तर असं की फेरीवाल्यांसाठी भारताचा २०१४ चा केंद्राचा कायदा कागदावर कॅलिफोर्नियाहून दोन पावलं पुढे आहे. शहर फेरीवाला समितीत ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांतून निवडून आलेले, त्यातल्या एक तृतीयांश बायका, आणि सर्वेक्षण होऊन परवाने दिल्याशिवाय कुणाला उठवायचं नाही. लॉस एंजेलिसच्या फेरीवाल्यांना अशी मताच्या हक्काची समिती स्वप्नातही मिळालेली नाही. पण मुंबईत त्या समितीची निवडणूक व्हायला २०२४ उजाडलं. दहा वर्षं! मधल्या काळात २०१७ ची एल्फिन्स्टन रोडची चेंगराचेंगरी झाली, हायकोर्टाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत असं सांगितलं, आणि सगळी चर्चा 'हटवा' आणि 'राहू द्या' यातच फिरत राहिली, परप्रांतीय हा मसाला वरून. १५० मीटरच्या पलीकडे बसायला जागा आखून दिल्या का, किती, कुणाला, हा कंटाळवाणा प्रश्न कुणी लावून धरल्याचं मला तरी इथून दिसलं नाही. तुमच्या पेपरातही नाही, स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

तेव्हा विनंती अशी. लॉस एंजेलिसच्या धाडींची बातमी देताना अधूनमधून एसबी ९४६ पासून ६३५ पर्यंतची ही साखळी पण एकदा छापा, आणि ती छापाल तेव्हा शेजारच्या कॉलमात मुंबई, पुणे, नागपूरच्या फेरीवाला समित्यांच्या गेल्या वर्षभरात बैठका किती झाल्या, तेवढं एक विचारून छापा. उत्तर माहिती अधिकारात मिळेल.

आणि इथल्या मराठी मंडळींना, जी तुमचा पेपर ऑनलाइन वाचतात, सिटी काउन्सिलला आणि काउंटीला लेखी मत कुणीही पाठवू शकतं, दोन ओळी पुरतात. गणपतीच्या वर्गणीचे मेसेज आपण जेवढ्या चिकाटीने पाठवतो त्याच्या निम्मी चिकाटी पुरेल. पाकिटातल्या पत्राची मागणी मी पाठवलीय, तुम्हीही पाठवा.

आपला एक जुना वाचक,
लॉस एंजेलिस परिसर, कॅलिफोर्निया

ता. क. आर्टेशियाच्या पायोनियर बुलेव्हार्डवर साडी, किराणा, चाट, मिठाई अशी आपल्या लोकांची जी भाड्याची दुकानं आहेत त्यांच्यासाठी. एसबी ११०३ फक्त लॅटिनोंना आहे असा काहींचा समज झालेला दिसतो, तसं नाहीये, तुमचा धंदा वर सांगितलेल्या आकारात बसत असेल तर तुम्हालाही लागू आहे. भाषांतराच्या यादीत हिंदी, गुजराती, मराठी नाही, त्यामुळे करार इंग्रजीतच मिळेल, पण नोटिशीचे दिवस तेच. मालकाला लेखी कळवा, तारीख घाला, एक प्रत स्वतःकडे ठेवा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा कळवा.